मदत हवी आहे: सूक्ष्मदर्शकाची विभेदनक्षमता थ्रीडी प्रिंट केलेल्या मॉडेलने कशी शिकवावी?

नमस्कार मंडळी,

मी पदवीच्या पहिल्या वर्षाला सूक्ष्मदर्शक शिकवते. सूक्ष्मदर्शकातून किती जवळचे दोन बिंदू सुटे दिसू शकतात हे सांगणारं, जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आबे यांचं १८७३ सालचं सूत्र मुलांना पाठ असतं. तरंगलांबीला न्यूमरिकल अपर्चरच्या (भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करतं, त्याचा आकडा) दुपटीने भागायचं, गणित सुटतं. पण १०० एक्सच्या ऑब्जेक्टिव्हमधून (नमुन्याजवळच्या भिंगातून) घेतलेला फोटो पडद्यावर आणखी ताणला तर शेजारशेजारच्या मायक्रोट्यूब्यूल (पेशीतल्या अतिसूक्ष्म नळ्या) सुट्या दिसतील का, असं विचारलं की निम्मा वर्ग ठामपणे ‘हो’ म्हणतो. मोठं दिसणं आणि सुटं दिसणं (म्हणजेच विभेदन) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे हाताला कळावं म्हणून मॉडेलं छापायची आहेत. वर्गात एक दृष्टिहीन विद्यार्थिनी आहे. तिच्यासाठी वेगळं काही न करता सगळ्यांनी एकच वस्तू हाताळावी, अशी मनापासून इच्छा आहे.

प्रमाण एक लाखपट धरलं आहे, म्हणजे १ मायक्रोमीटरचे १० सेंमी. ई. कोलाय जिवाणू वीतभर लांब होतो आणि २५ नॅनोमीटर जाडीची मायक्रोट्यूब्यूल अडीच मिमीची काडी होते. आता ५५० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश आणि १.४ अपर्चरचं ऑइल इमर्शन ऑब्जेक्टिव्ह (भिंग आणि नमुना यांच्यामध्ये तेलाचा थेंब) घेतलं, तर एका बिंदूच्या प्रतिमेत केंद्रापासून पहिल्या अंधाऱ्या कड्यापर्यंतचं अंतर २४० नॅनोमीटर येतं. मॉडेलमध्ये २४ मिमी. म्हणजे अडीच मिमीच्या काडीचा ठिपका जवळपास ५ सेंमी रुंद! काडी आणि ठिपका एकाच वेळी दोन हातांत दिले तर निम्मं काम तिथेच होईल असं वाटतं.

अडचण पुढे आहे. मला हा ठिपका तिन्ही मितींत छापायचा होता. खोलीच्या दिशेला केंद्रापासून पहिल्या अंधारापर्यंतचं अंतर १.४ अपर्चरला साधारण साडेआठ सेंमी येतं, ते ठीक. पण ०.६५ ला ते २६ सेंमी होतं आणि ०.२५ ला पावणेदोन मीटर, तेही फक्त एका बाजूला. प्रिंटरचा बेड २२ सेंमीचा आहे. शिवाय प्रकाशाच्या ठिपक्याला काठ नसतो, प्लास्टिकला असतो. काठ कुठे धरायचा? आणि दोन ठिपके एकमेकांत मिसळलेले दाखवायचे तर दोन घन आकार नुसते एकमेकांत घुसवून चालेल का?

कोणी असं काही केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १

नुसते घुसवून चालणार नाही. जिथे दोन ठिपके एकमेकांवर येतात तिथे तीव्रतेची बेरीज होते, प्लास्टिकची होत नाही. विभेदनासाठी घन ठिपका सोडून द्या आणि उठाव छापा: आडवी मापं नमुन्याची, उंची म्हणजे तीव्रता. काठाचा प्रश्नही मिटतो, कारण उतार आपोआप तळाला टेकतो.

शिखर ६ सेंमीचं ठेवा. दोन बिंदू २४ मिमी अंतरावर ठेवले तर तो बरोबर रॅलेचा निकष झाला, म्हणजे एका ठिपक्याचं केंद्र दुसऱ्याच्या पहिल्या अंधाऱ्या कड्यावर. तिथे मधली खिंड शिखराच्या सुमारे ७४ टक्के उंचीवर असते, म्हणजे ती १६ मिमी खोल होईल. बोट सहज बसतं. मग तेच दोन बिंदू, तेवढ्याच अंतरावर, ०.६५ अपर्चरसाठी छापा. खिंड नाहीच, एकच रुंद टेकडी. आणि तिसरं मॉडेल सर्वांत महत्त्वाचं: ही दुसरी टेकडी दीडपट मोठी करून छापा. मुलं बराच वेळ खिंड शोधतील आणि ती सापडणार नाही. तुमच्या ‘हो’ म्हणणाऱ्या निम्म्या वर्गासाठी हेच मॉडेल आधी द्यावं असं माझं मत आहे.

एक मर्यादा मात्र वर्गात स्पष्ट सांगा. तीव्रतेची साधी बेरीज फ्लुरोसन्ससाठी (नमुन्यातले रेणू स्वतःच चमकतात तेव्हा) खरी, कारण तिथे प्रत्येक रेणू स्वतंत्रपणे प्रकाश टाकतो. नमुन्यातून आरपार जाणाऱ्या प्रकाशात हिशेब प्रदीपनावरही, म्हणजे नमुन्यावर प्रकाश कसा पाडला यावरही, अवलंबून असतो.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. छपाईबद्दल थोडं. एकाच बिंदूचा उठाव छापाल तेव्हा मधल्या शिखराभोवतीचं पहिलं उजळ कडं शिखराच्या पावणेदोन टक्केच असतं. ६ सेंमीच्या शिखराला जेमतेम १ मिमी, म्हणजे ०.२ मिमीचे पाच थर. ते बोटाला लागतं, पण पॉलिश पेपर मारला की गेलंच. त्यामुळे घासू नका, त्याऐवजी थर ०.१ मिमीचा ठेवा. जाड थरांच्या पायऱ्या उतारावर स्पष्ट लागतात आणि हाताने पाहणाऱ्याला तो नमुन्याचाच तपशील वाटू शकतो. पाहणाऱ्याला हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! दीडपट टेकडीची कल्पना फारच आवडली, याच आठवड्यात छापते. एकच शंका उरते. उंची म्हणजे तीव्रता म्हटलं तरी मुलं ती नमुन्याची खोली समजतील. विशेषतः जिला आलेख डोळ्यांनी पाहण्याची सवयच नाही, तिला हे कसं सांगावं?

प्रतिसाद १

प्रत्येक उठावाच्या शेजारी, त्याच तळपट्टीवर, खरा नमुना छापा: २४ मिमी अंतरावर अडीच मिमी व्यासाच्या दोन बुटक्या खुंट्या, दोन्ही सारख्याच उंचीच्या. खुंट्यांची पट्टी तिन्ही मॉडेलांवर ठेवा, दीडपट मॉडेलवर तीही दीडपट. डावा हात खुंट्यांवर, उजवा उठावावर. खुंट्या दरवेळी दोनच लागतात, बदलतो तो फक्त उठाव, त्यामुळे उंची नमुन्याची नाही हे वेगळं सांगावं लागत नाही. खोलीच्या दिशेचा घन ठिपका हवाच असेल तर तो फक्त १.४ अपर्चरचा, मधोमध कापून दोन भागांत छापा आणि पुढच्या तासाला द्या.