वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप: मुलांचे फोटो, आधार आणि गुरुजींचा स्वतःचा मोबाईल

करवीर_पाचवी
नमस्कार मंडळी. जिल्हा परिषद शाळा, पाचवीचा वर्ग, पट ३४. ग्रुपवर आईवडील, आजोबा, कुणाचा तरी मामा असे सगळे आहेत. रात्री अकराला गुड नाइट, आणि आधार मागितलं की पालक कार्डाचा फोटो थेट ग्रुपवरच टाकतात. उपक्रमांचे फोटो टाकावेत की नाही यावरून शाळेत दोन तट आहेत. वर्गातल्या टीव्हीलाही माझाच मोबाईल जोडतो. नेमकं काय काय बदलू?

तंत्रस्नेही_कागल
सर, ग्रुप सेटिंगमध्ये मेसेज पाठवायची परवानगी फक्त ॲडमिनना द्या, गुड नाइट तिथंच थांबेल. पण नंबर झाकले जात नाहीत. ३४ घरांतल्या बायकांचे नंबर त्या मामाला दिसतच राहतात. म्हणून व्हॉट्सॲपवरच कम्युनिटी तयार करा आणि निरोप तिच्या घोषणा ग्रुपवर द्या. तिथं पालकांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, ॲडमिनचा तेवढा दिसतो. ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) सुचवणारे भेटतील, त्याच्या नादाला लागू नका. ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही, त्याला मेसेज पोचतच नाही.

शाळेसाठी वेगळं सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका, फुकट आहे. त्यात अवे मेसेजला, म्हणजे आपोआप जाणाऱ्या उत्तराला, वेळ लावता येते: ‘शाळेच्या वेळेत उत्तर मिळेल, तातडी असल्यास फोन करा.’ हा मेसेज फक्त वैयक्तिक चॅटला जातो, ग्रुपला नाही.

आधार मात्र समक्षच. कार्ड बघा, नोंद करा, परत द्या. ग्रुपवर पडलेला फोटो ॲडमिनला सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, पण ज्यांच्या फोनवर आधीच उतरला त्यांच्याकडे तो राहू शकतो. स्वतःच्या फोनवर व्हॉट्सॲपची मीडिया व्हिजिबिलिटी (फोटो गॅलरीत दिसायची सेटिंग) बंद करा, गुगल फोटोजमध्ये व्हॉट्सॲप फोल्डरचा बॅकअपही बंद. नाहीतर अख्ख्या वर्गाची आधार कार्डं तुमच्या घरच्या लग्नाच्या फोटोंशेजारी जाऊन बसतात.

पालक_राजारामपुरी
गृहपाठ फक्त मोबाईलवर पाठवू नका एवढीच विनंती. बऱ्याच घरांत एकच फोन असतो आणि तो वडिलांबरोबर शिरोली एमआयडीसीत सेकंड शिफ्टला गेलेला असतो. फळ्यावर लिहून वहीत उतरवून घ्या, ग्रुपवर हवा तर नुसता आठवणीला.

केंद्रशाळा_बाई
फोटोंचं सांगते. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलंय आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती घ्यायला सांगितलंय. जूनमध्ये प्रवेशाच्या कागदांबरोबरच लेखी संमती घ्या, पण ‘फोटो चालेल का’ असं मोघम विचारू नका. वर्गाचा ग्रुप, शाळेचं फेसबुक पान, वर्तमानपत्र: तिन्हीला वेगळी सही. पहिल्याला हो म्हणणारे बरेच पालक दुसऱ्याला नाही म्हणतात, आणि ते बरोबरच आहे.

नकार असलेलं मूल फोटोच्या वेळी बाजूला काढू नका. सगळ्यांचाच फोटो पाठीमागून घ्या, किंवा हात आणि वस्तू दिसतील असा. मातीचा किल्ला दाखवायला चेहरा कशाला लागतो? ओळखपत्रावरचं नाव फ्रेममध्ये येत नाही ना, हे झूम करून बघा. कॅमेऱ्यात लोकेशन बंद ठेवा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर लोकेशन गळून जातं, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तसंच जातं. आणि गुणपत्रक ग्रुपवर कधीच नको.

गगनबावडा_दोनशिक्षकी
टीव्हीची जोडणी: पुस्तकातला धड्याचा क्यूआर कोड सरकारच्या दीक्षा ॲपवर स्कॅन करून व्हिडिओ आदल्या दिवशीच डाउनलोड करा. आमच्याकडं पावसात रेंजचा भरवसा नाही म्हणून हे करतो, पण शहरातही हेच बरं. वर्गात फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा. कास्ट करत असाल, म्हणजे वायरशिवाय टीव्हीवर दाखवत असाल, तर त्यानंतर फक्त वाय-फाय चालू करा, बऱ्याच टीव्हींना इंटरनेट नसलेल्या राउटरचंही चालतं. मग मधेच फोन येत नाही आणि बँकेचा ओटीपी पोरांपुढं झळकत नाही. राउटरला नेट असेल तर डू नॉट डिस्टर्बही लावा. यूट्यूब लावावंच लागलं तर ऑटोप्ले बंद करा, आणि व्हिडिओ आधी स्वतः शेवटपर्यंत बघा.

करवीर_पाचवी
आभारी आहे. पावसाळ्यात सुट्टीचे खोटे मेसेज फिरतात, त्याचं काय?

तंत्रस्नेही_कागल
कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं निघाली की गेल्या वर्षीचं सुट्टीचं पत्र हमखास फिरतं. तारीख, जावक क्रमांक आणि कोणते तालुके हे वाचा, मुख्याध्यापकांना फोन लावा, मगच घोषणा ग्रुपवर टाका. नुसतं ‘फॉरवर्डेड’ दिसत असलेलं पत्र तिथं जाऊ देऊ नका.