फेज-कॉन्ट्रास्ट एमआरआय: महाधमनीचा प्रवाह फुप्फुस धमनीपेक्षा कमी का येतो?

प्रश्न
फेज-कॉन्ट्रास्ट एमआरआयने (रक्ताचा वेग मोजणाऱ्या एमआरआयने) चढत्या महाधमनीत दर ठोक्याला ७८ मिली, फुप्फुस धमनीत ९२ मिली आले; दोन्ही जवळपास सारखे यायला हवेत. हृदयाच्या पडद्यात छिद्र नाही, झडपा गळत नाहीत. दोन्हीकडे व्हेंक (मोजता येईल असा ठरवलेला कमाल वेग) १५० सेंमी/सेकंद. सिस्टोलच्या (हृदय आकुंचन पावतानाच्या) २ फ्रेममध्ये वेगाच्या प्रतिमेत महाधमनीच्या पांढऱ्या वर्तुळात मधोमध काळा डाग दिसतो, नुसती रचना दाखवणाऱ्या मॅग्निट्यूड प्रतिमेत मात्र तिथे काहीच नाही.

उत्तर १
एलियासिंग आहे, म्हणजे वेग मर्यादेबाहेर गेल्याने चुकीचा वाचला जातोय. वेग सिग्नलच्या फेजवरून (कोनावरून) मोजतात आणि व्हेंक म्हणजे १८० अंश फेज. त्याहून वेगाने जाणारं रक्त उलटं वाहताना दिसतं आणि बेरजेतून वजा होतं. डागातल्या पिक्सेलवर −१३० असेल तर व्हेंकची दुप्पट, म्हणजे ३००, मिळवा: खरा वेग १७०. फेज अनरॅपिंग (हीच दुरुस्ती करणारं सॉफ्टवेअर) चालवा, रुग्णाला परत बोलवायला नको.
पुढच्या वेळी १५०, २००, २५० असे झटपट स्काउट (चाचणी स्कॅन) घ्या आणि डाग न येणारा सर्वांत लहान व्हेंक निवडा. सरसकट ४०० ठेवून मोकळं होऊ नका. वेगातला नॉइज व्हेंकच्या प्रमाणात वाढतो, डायस्टोलचा (हृदय शिथिल असतानाचा) मंद प्रवाह त्यात बुडतो.

प्रश्नकर्ता
अनरॅप केल्यावर ८५ आले. उरलेल्या ७ मिलीचं काय? स्लाइस तिरकी गेली असेल का?

उत्तर २
स्लाइस कोरोनरींच्या (हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या) मुखांच्या वर असेल तर त्यांत गेलेलं रक्त मोजलंच जात नाही. ते एकूण प्रवाहाच्या साधारण ५ टक्के, इथे ४ मिली. तेवढा फरक राहणारच.
बाकीच्या ३ मिलीसाठी बॅकग्राउंड फेज तपासा. एडी करंटमुळे (स्कॅनरच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्राने उपजणाऱ्या विद्युतप्रवाहांमुळे) स्थिर ऊतीलाही थोडा वेग चिकटतो. महाधमनीचा व्यास ३ सेंमी, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस सेंमी, ठोका ०.८ सेकंदाचा धरला तर १ सेंमी/सेकंदाच्या चुकीने ५.६ मिली इकडचे तिकडे होतात! छातीच्या भिंतीच्या स्नायूवर आरओआय (मोजणीचं वर्तुळ) ठेवून वेग शून्य येतो का बघा. फुप्फुसावर ठेवू नका, तिथे नुसता नॉइज असतो. खात्रीचा उपाय म्हणजे टेबल न हलवता स्थिर जेलच्या फँटमवर (चाचणीच्या नमुन्यावर) तोच सीक्वेन्स, तोच स्लाइसचा कोन, तोच व्हेंक, सिम्युलेटेड ईसीजीवर तीच गती. येईल तो वेग वजा करायचा. मोजायची रक्तवाहिनी आयसोसेंटरला (चुंबकाच्या मध्यबिंदूला) आणली तर ही चूक मुळातच कमी होते.

उत्तर ३
तिरकेपणावर खापर फोडू नका. २० अंश कललं तर कमाल वेग ६ टक्के कमी दिसतो, पण छेदाचं क्षेत्रफळ तेवढंच वाढतं, त्यामुळे एकूण प्रवाह जवळपास तोच राहतो. त्यापेक्षा गेटिंग (ईसीजीशी स्कॅनची जुळणी) बघा. प्रॉस्पेक्टिव्ह (ठोका सुरू झाल्यावर ठरावीक वेळ मोजणारं) असेल तर डायस्टोलचा शेवट गळतो, रेट्रोस्पेक्टिव्ह (सतत मोजून नंतर ठोक्यांत वाटणारं) हवं. आणि काँटूर (रक्तवाहिनीभोवती आखलेली सीमारेषा) प्रत्येक फ्रेमला तपासा, महाधमनी ठोक्यागणिक सरकते.