'सर्व्हंट लीडरशिप'ला मराठीत काय म्हणावं?

शब्दवेडा: व्यवस्थापनावरच्या एका मराठी पुस्तिकेसाठी 'सर्व्हंट लीडरशिप'ला, म्हणजे हाताखालच्या माणसांची सेवा करत, त्यांना वाढवत केलेल्या नेतृत्वाला, प्रतिशब्द हवा आहे. 'सेवाभावी नेतृत्व' सर्रास वापरलेलं दिसतं. वाचक म्हणजे लहान कारखान्यांतले सुपरवायझर आणि सहकारी बँकांचे शाखाधिकारी. चालेल का?

ओवी: 'सेवाभावी' नको. सेवाभावी संस्था, सेवाभावी डॉक्टर म्हटलं की बिनपैशाचं किंवा अल्प मोबदल्यातलं काम डोळ्यांपुढे येतं. शाखाधिकाऱ्याला वाटेल, रक्तदान शिबिराबद्दल चाललंय. ही कल्पना धर्मादायाची नाही. अमेरिकेत एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत अनेक वर्षं काढलेल्या रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी १९७०च्या निबंधात ती मांडली आणि कसोटीही दिली: ज्यांची सेवा केली ती माणसं वाढतात का? जास्त शहाणी, जास्त स्वतंत्र होतात का? माणसं खूश आहेत का, हा प्रश्न त्यात नाही.

शब्दवेडा: मग 'सेवक-नेतृत्व'?

समासचक्र: तिथे समास दगा देतो. 'सेवक असलेला नेता' हा कर्मधारय तुमच्या मनात आहे, पण वाचणारा 'सेवकांचं नेतृत्व' असा षष्ठी तत्पुरुष सोडवेल. सहकारात तर 'सेवक' म्हणजे सरळ कर्मचारी. सेवकांची पतसंस्था, सेवक कल्याण निधी हे रोजचे शब्द. बँकेतल्या माणसाला 'सेवक-नेतृत्व' म्हणजे युनियनचे पुढारी वाटतील. शिवाय नगरसेवक निवडून येतो, शिक्षणसेवक तीन वर्षं ठरावीक मानधनावर राबतो. एकाच शब्दाची इतकी टोकं आहेत.

बाई असेल तर आणखी पंचाईत. 'सेविका' म्हटलं की आधी अंगणवाडी सेविका आठवते.

लेथवाला: शब्द कोणताही घ्या, पण 'सेवा' म्हणजे नेमकं काय ते पहिल्याच पानावर लिहा. सगळी गडबड तिथेच होते. सुपरवायझरला वाटतं, सेवा म्हणजे ऑपरेटरचं काम आपण करणं. मग तो स्वतः मशीन सेट करतो, स्वतः माप घेतो, आणि सहा महिन्यांनी तो रजेवर गेला की लाइन थांबते. माणसं वाढलीच नाहीत, म्हणजे ग्रीनलीफच्या कसोटीवर तो नापास.

करायचं ते असं. शिफ्टच्या सुरुवातीला फेरी मारायची आणि एकच विचारायचं: काय अडलंय? गेज (माप तपासायचं साधन) कॅलिब्रेशनला, म्हणजे अचूकता तपासायला गेलाय, ड्रॉइंगची जुनी आवृत्ती हातात आहे, इन्सर्ट (हत्याराची बदलायची कापणारी टोकं) संपलेत. हे फळ्यावर तीन रकान्यांत लिहायचं: अडचण, कोणाकडे, कधीपर्यंत. ऑपरेटरच्या हातातलं असेल ते त्याच्याकडेच ठेवायचं. त्याच्या आवाक्याबाहेरचं तेवढंच सुपरवायझरनं उचलायचं. तारीख उलटूनही नोंद तशीच राहिली की लोक फळ्यावर लिहिणं बंद करतात, आणि पुन्हा लिहितं करणं फार कठीण जातं.

ओवी: फायदा इथेच दिसतो: अडचण लवकर वर येते, चूक लपवली जात नाही. पण तोटेही पुस्तिकेत यायला हवेत. पहिला वेळेचा. आठवड्याला माणशी अर्धा तास स्वतंत्र बोलायचं म्हटलं तर १२ जणांना ६ तास होतात. २५ जण असतील तर साडेबारा तास, म्हणजे ४८ तासांच्या आठवड्यातला चौथा हिस्सा. एवढी माणसं एका सुपरवायझरखाली ठेवून ही पद्धत लादणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

दुसरा तोटा जास्त गंभीर: कामचुकाराला सांभाळून घेणं. त्याचा भार बाकीचे उचलतात, आणि चांगली माणसं आधी सोडून जातात. 'तुझं काम कमी पडतंय' हे तोंडावर आणि वेळेत सांगणं हाही सेवेचाच भाग आहे, हे ठळक छापा. आणि आग, गॅसगळती, अपघात अशा वेळी विचारत बसायचं नाही, हुकूमच द्यायचा. कोणत्या प्रसंगी हुकूम चालेल ते आधी ठरलेलं असलं की नंतर मनं दुखावत नाहीत.

समासचक्र: एक भाषिक गोष्ट. 'स्क्रम' ही सॉफ्टवेअरवाल्यांची टीमनं काम करायची पद्धत. तिच्या नियमपुस्तिकेत, स्क्रम गाइडमध्ये, २०१७ साली स्क्रम मास्टरला (टीमला ही पद्धत नीट वापरायला मदत करणाऱ्याला) 'सर्व्हंट-लीडर' म्हटलं होतं. २०२०च्या आवृत्तीत 'सेवा करणारे खरे नेते' अशा अर्थाची शब्दरचना आली. नाम गेलं, क्रियापद आलं.

ओवी: त्यात क्रमही उलटला, हे मला खटकतं. ग्रीनलीफचा माणूस आधी सेवक असतो, नेता मागाहून होतो. आधी खुर्ची आणि मग सेवा, हा त्यांच्या मते वेगळाच प्रकार.

समासचक्र: तो क्रम मराठीत 'सेवेतून नेतृत्व' या रचनेत टिकतो. समास नाही, लिंगाची अडचण नाही, 'सेवक'चा जुना अर्थ मध्ये येत नाही.

शब्दवेडा: 'सेवेतून नेतृत्व' घेतो. पण वाक्यात व्यक्तीसाठी काय लिहू?

लेथवाला: व्यक्तीसाठी नवा शब्द घडवूच नका. 'सुपरवायझर' लिहा आणि पुढे तो काय करतो ते क्रियापदानं सांगा: अडथळा काढतो, साहित्य वेळेवर आणून देतो, शिकवून बाजूला होतो.