फादर्स डेच्या कार्डात टाय कामून?

सचिव काका: उद्या फादर्स डे. पोरांनी क्लब हाऊसमधी कार्डं लावलेत, सगळ्यांनी बघून घ्या. टँकर सकाळी ७ ला येणारय, मोटर चालू ठेवा.

बी-२०३ ताई: बघितली. लेकरांचं कौतुकच आहे पण सगळ्या बाबांच्या गळ्यात टाय कामून काढलाय? आपल्या सोसायटीत टाय घालून जाणारं एक माणूस मी बघितलं नाही अन संभाजीनगरच्या उन्हात घालणार तरी कोण

ए-१०१ दादा: नेटवरून काढलंय ताई, सर्च केलं की टाय, मिशी, गाडी हेच येतंय

बी-२०३ ताई: तेच म्हणायलेय. मे महिन्यात मदर्स डेला हीच पोरं होती, तवा सगळीकडं गुलाबी फुलं अन 'कधीच न थकणारी आई'. बाबाच्या कार्डावर मात्र 'आज आराम करा'. म्हणजे थकत नाही तिनं उद्यापण पोळ्या लाटायच्या का?

ए-४०२ आजोबा: ताई, उगं मनावर घेऊ नका. बाप नारळासारखा असतो, बाहेरून कडक आतून गोड.

बी-२०३ ताई: काका, हा मेसेज दरवर्षी येतो. नारळ म्हटलं की आतलं कधी दाखवायचंच नाही, अशी सोय करून ठेवलीय बापाची

बी-३०१: माझं सांगतो. लेकीला रात्री मीच झोपवतो, डायपरपण बदलतो. बारशाला किती मेसेज आले 'बायकोला मदत कर' म्हणून. मदत कशाची, लेकरू माझं नाही का?? अन सासरी माझं लई कौतुक, ती दिवसभर तेच करते तर तिचं नावपण कुणी काढत नाही

ए-१०१ दादा: केंद्र सरकारच्या नोकरीत आईला १८० दिवस रजा, बापाला १५. एकट्या कार्डाला काय बोलायचं

सी-१०२ मॅडम: गंमत म्हणजे ज्या ॲना जार्विसनं अमेरिकेत १९०८ ला मदर्स डे सुरू केला, १९१४ ला तो सरकारी झाला, तिलाच पुढं छापील कार्डांचा इतका राग आला की दिवसच बंद करा म्हणून मागं लागली. आईला चार ओळी हातानं लिहायचा आळस, असं तिचं म्हणणं. फादर्स डेला कायमचा दर्जा मिळायला मात्र १९७२ उजाडलं.

ए-४०२ आजोबा: आपला मातृदिन पिठोरी अमावस्येला. कार्ड लागतच नाही.

बी-२०३ ताई: हो काका, अन त्याच दिवशी पोळा, पुरणपोळ्या कोण करतं तेपण सांगा

सी-३०४: लग्न ठरल्यावर मी निराला बाजारात ह्यांच्यासाठी कार्ड घ्यायला गेले होते. जे उचलावं त्यावर 'तूच माझा आधार, तुझ्याविना मी अधुरी'. अन तवा नोकरीला मी, हे एमपीएससीचा अभ्यास करायलेले, चहाचे पैसेपण मीच द्यायचे. बायकोला द्यायच्या कार्डात काय तर टेडी अन सॉरी. शेवटी कोरं कार्ड घेतलं

सी-३०४ चे अहो: त्यात काय लिहिलंवतं ते ग्रुपवर सांगू नको

सचिव काका: मग काय, कार्डं काढून टाकायची का?

बी-२०३ ताई: नाही हो, राहू द्या, मेहनत केलीय लेकरांनी. बाजूला कोरे कागद ठेवू, बाप घरी खरंच काय करतो ते काढायचं. आमचा बारका आत्ताच विचारायलाय, बाबा सोफ्यावर मोबाईल बघायलेत असं काढू का

बी-२०३ चे अहो: मी पण ग्रुपवर आहे बरं का