नायट्रिक ऑक्साइड जनुकांपर्यंत पोहोचतो कसा?
वर एकांनी विचारलंय की नायट्रिक ऑक्साइड शरीरात जेमतेम काही सेकंद टिकतो, मग जनुकांवर त्याचा परिणाम नंतरही कसा राहतो? शंका रास्त आहे.

सीजीएमपी या पेशीतल्या निरोप्या रेणूचा मार्ग बहुतेकांना ठाऊक असतो (रक्तवाहिन्या सैलावतात तो, १९९८चं वैद्यकातलं नोबेल रक्ताभिसरणातल्या याच वायूवरच्या कामाला), म्हणून तो सोडतो. मला जास्त मजा वाटते ती एस-नायट्रोसिलेशनची. यात नायट्रिक ऑक्साइडचा गट थेट प्रथिनातल्या सिस्टीन या अमिनो आम्लाच्या गंधकाला चिकटतो. चेतापेशींत एचडॅक-२ या एन्झाइमच्या २६२ आणि २७४ क्रमांकाच्या सिस्टीनवर असं झालं की ते क्रोमॅटिनवरून (डीएनए आणि प्रथिनांच्या गुंडाळीवरून) सुटतं. एरवी हे एन्झाइम हिस्टोनवरचे (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरचे) असिटिल गट काढून डीएनएची गुंडाळी घट्ट ठेवतं. ते बाजूला झालं की असिटिल गट वाढतात आणि तिथली काही जनुकं वाचली जाऊ लागतात. वायू तोवर कधीच संपलेला असतो!

पण म्हणून ‘नायट्रिक ऑक्साइड जनुकं चालू करतो’ असं सरसकट म्हणू नये. एनएफ-कप्पा-बी या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाच्या पी५० या घटकावर तोच गट बसला, तर त्याची डीएनएला धरण्याची क्षमता उलट घटते. हायड्रोजन सल्फाइडही सिस्टीनलाच गाठतो, पण त्यावर वेगळा धागा निघायला हवा.