करवंटीतली अंडी दर वेळी गायब, काय चुकतंय?

पोहेजलेबी_इंदूर: दोन फुटी टँकमध्ये एपिस्टोग्रामा काकाटुऑइडिस या छोट्या माशांची जोडी आहे, मादी पिवळीधमक होते, करवंटीत उलटी अंडी चिकटवते आणि तिसऱ्या दिवशी सगळं साफ. पाणी बोरिंगचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) ६००. खायला फक्त पेलेट (कोरड्या खाद्याच्या गोळ्या) देतोय. नर खातोय का?

सुदामानगरकर: अरे भिया, नराला उगाच बदनाम करू नकोस, बऱ्याचदा अंडी फळलेली नसली किंवा बुरशी धरली की मादीच खाऊन टाकते. बोरिंगचं पाणी फार जड आहे, अर्ध्याहून जास्त आरओचं मिसळ, पण एकदम नाही, आठवडाभरात हळूहळू. देशी बदामाची वाळलेली पानं टाक. टेम्परेचर २६ च्या आसपास ठेव, जास्त गरम झालं तर पिल्लांत नरच जास्त निघतात.

टाकीत_रमलेली: आणि नुसत्या पेलेटवर जोडी अंड्यांसाठी धड तयार होत नाही हो, डासांच्या अळ्या, डॅफ्निया (पाणपिसवा) काहीतरी जिवंत द्या. पिल्लं पोहायला लागली की आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले बारीक जीव) लागेल, त्याची अंडी वेगळ्या बाटलीत उबवायची, लिटरला साधारण २५ ग्रॅम मीठ, हवेचा पंप, २४ ते ३६ तासांत अंडी फुटतात, गाळून गोड्या पाण्यात धुवून मगच घाला. माझी पहिली खेप मी उकडलेल्या अंड्याचा बलक घालून मारली, पाणी सडलं एका रात्रीत :( स्पंज फिल्टर नसेल तर आधी तो घ्या.

पोहेजलेबी_इंदूर: पॉवर फिल्टरच आहे, तोही उघड्या तोंडाचा, म्हणजे पिल्लं त्यात ओढली जाणार... कळलं. उद्याच स्पंज आणतो.