ह्युगो सांचेझला ‘फसलेला प्रशिक्षक’ म्हणणाऱ्यांना उत्तर

मध्यरात्रीचा प्रेक्षक
‘मोठा खेळाडू मोठा प्रशिक्षक होत नाही, बघा तो ह्युगो सांचेझ’ हे मेक्सिकोच्या या जुन्या फुटबॉल स्ट्रायकरबद्दलचं, इथल्याच आडवा पास यांचं कालचं वाक्य वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. माणसाची अख्खी प्रशिक्षकी कारकीर्द मार्च २००८ मधल्या एका ऑलिंपिक पात्रता स्पर्धेवर मोजायची? मेक्सिकोतल्या प्युमास क्लबला १९९१ नंतर लीग जिंकता आलेली नव्हती. २००४ मध्ये ह्युगोच्या हाताखाली त्यांनी चिवास क्लबला पेनल्टींवर हरवून क्लाउसुरा (वर्षाच्या पहिल्या सहामाहीची लीग) जिंकली आणि त्याच वर्षी मॉन्तेरेला हरवून अपेर्तुराही (दुसऱ्या सहामाहीची). मेक्सिकोत वर्षाला दोन स्पर्धा सुरू झाल्यापासून लागोपाठ दोन विजेतेपदं तोवर कुणालाच जमली नव्हती. मधल्या ऑगस्टमध्ये तर बर्नाबेउवर जाऊन रेआल माद्रिदला १–० हरवलं. ज्या मैदानावर स्वतः सात वर्षं गोल केले, तिथेच! याला फसणं म्हणतात?

आडवा पास
प्युमासचं श्रेय देतो, पण तेवढंच. २००५ मध्ये तोच संघ ढेपाळला आणि साहेब बाहेर पडले. आणि राष्ट्रीय संघाचं काय? ला व्होल्पे मेक्सिकोचे प्रशिक्षक असताना हा माणूस वर्षानुवर्षं त्यांच्यावर तोंडसुख घेत होता. २००६ च्या शेवटी संघ हातात आला. २००७ चा गोल्ड कप अंतिम सामन्यात अमेरिकेकडून गेला. मग ऑलिंपिक पात्रता: कॅनडाशी १–१, ग्वातेमालाकडून १–२ हार, आणि हैतीला पाच गोलांच्या फरकाने हरवायचं असताना ५–१. समोर मोकळा गोल असताना चेंडू बाहेर मारत होती पोरं. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

उजवी बगल
कोपा अमेरिका २००७ सोयीस्कर विसरलात. ब्राझीलला २–०! नेरी कास्तियोने बचावपटूवरून चेंडू उचलून केलेला तो गोल मी आजही लावून बघतो. उरुग्वेला ३–१ हरवून तिसरा क्रमांक. मोकळा गोल पोरांनी चुकवला तर प्रशिक्षकाने आत जाऊन पाय लावायचा का?
आणि मेक्सिकोने खेळाडू म्हणून तरी त्याला कुठे नीट वापरलं? १९९४ चा वर्ल्ड कप, बल्गेरियाविरुद्ध. १–१, दोन्हीकडे दहा-दहा जण, जादा वेळ, उन्हात पोरांचे पाय गळालेले. बाकावर पाच वेळा स्पॅनिश लीगचा सर्वाधिक गोल करणारा ह्युगो बसलेला, आणि प्रशिक्षक मेहिया बारोनने एकही बदल केला नाही. पेनल्टींवर ३–१ ने गेले. हे मी कधीच माफ करणार नाही.

पेठेतला गोली
अहो, तेव्हा तो छत्तिशीला टेकलेला होता! त्याच वर्ल्ड कपात नॉर्वेविरुद्ध सुरुवातीपासून खेळवला, काय केलं? शून्य. आणि पेनल्टीच्या गोष्टी तुम्ही काढूच नका. १९८६ चा वर्ल्ड कप, अझ्टेका मैदान, पराग्वेविरुद्ध १–१ असताना शेवटच्या मिनिटांत ह्युगोची पेनल्टी, त्यांचा गोली रोबेर्तो फर्नांडेझने अडवली. मी गोली आहे, मला त्या अडवण्याचं मोल कळतं. त्या वर्ल्ड कपला आम्ही दूरदर्शनसमोर रात्रभर जागलो. सगळे मॅराडोनावर फिदा होते, मी फर्नांडेझवर.

उजवी बगल
१९८६ काढणार हे ठाऊकच होतं. मग १९९० पण काढा ना! त्या मोसमात रेआल माद्रिदकडून लीगमध्ये ३८ गोल, सगळे पहिल्याच स्पर्शात, तेल्मो साराच्या स्पॅनिश लीगमधल्या विक्रमाची बरोबरी, स्टोइच्कोव्हबरोबर युरोपात सर्वाधिक गोलांचा सोन्याचा बूट. आणि वर्ल्ड कपला मेक्सिकोच नाही, कारण वीस वर्षांखालच्या संघात वय चोरलेली मुलं घुसवली म्हणून बंदी! कागद फुटबॉल संघटनेच्या साहेबांनी खोटे केले आणि भोगलं कुणी? आपल्याकडे वयचोरी होते तेव्हाही लोक हसून सोडून देतात, म्हणून मला जास्त चीड येते. तेरा वर्षांखालच्या निवडीत माझ्या भाच्याची जागा मिशा फुटलेल्या एका पोराला दिली होती.

पेठेतला गोली
भाच्याचं वाईट वाटलं, मनापासून. पण बाकावर बसणं म्हणजे अन्याय, हे मला पटत नाही. शाहू स्टेडियमवर एका अंतिम सामन्यात प्रशिक्षकाने मला बसवून नव्या पोराला उभं केलं. चार दिवस मी कुणाशी बोललो नाही. त्या पोराने दोन पेनल्टी अडवल्या. मेहिया बारोनला रोज सराव दिसत होता, तुम्हाला-मला नाही.

उजवी बगल
तुमच्या प्रशिक्षकाने बदल केला होता! मेहिया बारोनने केलाच नाही, हाच तर माझा मुद्दा आहे. ह्युगो नको तर दुसरा कुणी उतरवा. एकशे वीस मिनिटं तेच खेळाडू?

पेठेतला गोली
बरं. कुणालाच न उतरवणं चूक होतं, एवढं मानतो. ह्युगोलाच उतरवायला हवं होतं, हे नाही.

मध्यरात्रीचा प्रेक्षक
मंडळी, १९९४ साठी वेगळा धागा काढा. आडवा पास, स्पेनमधल्या अल्मेरिया क्लबवर तुम्ही गप्प का? डिसेंबर २००८ मध्ये घसरणीला लागलेला संघ हाती घेतला आणि स्पेनच्या पहिल्या श्रेणीत टिकवला. तिथे मेक्सिकन प्रशिक्षकाला किती जण उभं करतात?

आडवा पास
टिकवला, हो. आणि पुढच्या डिसेंबरात काढलं गेलं. नंतर मेक्सिकोच्या पाचुका क्लबातही काही महिनेच. ‘फसलेला’ हा शब्द मागे घेतो, ‘एका वर्षाचा प्रशिक्षक’ म्हणेन. त्याखाली येणार नाही.

मध्यरात्रीचा प्रेक्षक
ते एक वर्ष मेक्सिकोतल्या कित्येक नामवंत प्रशिक्षकांच्या अख्ख्या कारकिर्दीत आलेलं नाही. मीही याच्याखाली येणार नाही.